अंदाजे खर्च

अंगणात शोषखड्डा घ्यायचा म्हटलं की आदिलाबादच्या बेला-जैनथ पट्ट्यात गावातला प्रत्येक माणूस इंजिनियर होतो. हिशेब पोरासोरालाही जमावा असा: दहा बाय दहा, पाच फूट खोल, म्हणजे 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास. गुत्तेदार मात्र टेप काढत नाही. तो घराचा स्लॅब बघतो, दारातली गाडी बघतो आणि आभाळाकडे बघून आकडा सांगतो.

तो आकडा नुसत्या खड्ड्याचा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, हे दुसऱ्या चहाला कळतं. बाहेर निघालेली माती फुगते. तिला ट्रॅक्टरच्या खेपा वेगळ्या.

मजूर लावावेत, तर वेचणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही. उन्हाळ्यात ही माती पहारीला दाद देत नाही, पावसाळ्यात चाकं सोडत नाही. राहिला जेसीबी (कुठल्याही कंपनीचं पिवळं मशीन आपल्याकडे जेसीबीच). त्याचा तास मागच्या गावातून निघतानाच सुरू होतो. फाटकातून तो आत मावत नाही, मग कंपाउंडची भिंत पाडा. ती पुन्हा बांधायचा दर तोच गुत्तेदार देतो, आणि या वेळी टेप काढतो!

बकेट चालू झाली की निम्मं गाव हजर. "आलंच आहे मशीन, तर अजून फूटभर घ्या ना भाऊ." त्या फूटभरात मिशन भगीरथची नळाची पाइप होती. खड्ड्यात पाणी मुरतं की नाही, याची परीक्षा तिथल्या तिथे झाली.