झाडू रस्त्यावर, धूर आभाळात

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर २ मधल्या एका काकूंना हवा मोजायला यंत्र लागत नाही. खिडकीच्या कठड्यावरची धूळ त्या कागदावर घेतात आणि खालून फ्रिजचं लोहचुंबक फिरवतात. काळे कण कुसळांसारखे ताठ उभे राहतात. "बघ, तुझे काका रिटायर झाले, पण प्लांट अजून घरी ड्यूटीला येतो."

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या भिलाई स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली, तेव्हा धूर म्हणजे पगार होता. अजूनही आहे. त्यामुळे टाउनशिपमध्ये खोकतात सगळे, पण प्लांटच्या नावाने कोणी खोकत नाही. कोक ओव्हनवरचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक ठरवलंय, हे बोलायचं ते हळू आवाजात. क्वार्टर प्लांटचं असतं ना!

२०१९ मध्ये केंद्राने 'राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम' काढला. हवेच्या परीक्षेत नापास शहरांच्या यादीत दुर्ग-भिलाईही आलं. पैसे आले. मग हवा सुधारायला काय करायचं? रस्ता झाडायचा! सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये देशभरातला हिशेब मांडला: ६४ टक्के पैसा धुळीवर, आणि उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्का. पूर्णांक शून्य, पुढे एकसष्ट. याचं कारणही मजेशीर. शहराचं प्रगतिपुस्तक भरतं ते पीएम १० वर, म्हणजे जाड्या कणांवर. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन रक्तात उतरणाऱ्या बारीक पीएम २.५ ला त्यात गुण नाहीत. पाणी मारा, झाडू फिरवा, पास व्हा.

या हवेने माणसं मरतात का, या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे तयार आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री म्हणून लोकसभेत म्हणाले, प्रदूषणाने आयुष्य घटतं असं कुठल्याही भारतीय अभ्यासात दिसलेलं नाही. बरोबर वर्षभर आधी खुद्द सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा, सहभाग असलेला अभ्यास छापून आला होता: २०१७ मध्ये देशात प्रदूषित हवेने १२.४ लाख मृत्यू, आणि हवा अपाय न करण्याइतकी स्वच्छ असती तर सरासरी आयुष्य १.७ वर्षांनी जास्त. पुढच्या हिशेबात २०१९ चे मृत्यू १६.७ लाख निघाले. मंत्रालयांचं पालुपद मात्र तेच: "ठोस डेटा नाही."

डेटा हवाय? मग दिल्लीत कशाला शोधता, सेक्टर ९ ला या. तिथलं जवाहरलाल नेहरू रुग्णालय भिलाई स्टील प्लांटचंच. धूर त्यांचा, डॉक्टर त्यांचे, पेशंटही बहुतेक त्यांचेच कामगार आणि त्यांची मुलंबाळं. दर महिन्याला दमा नि श्वासाच्या तक्रारीचे केसपेपर किती निघाले, तो आकडा नावं झाकून गेटवर लावा. शेजारी त्याच महिन्याचा पीएम २.५ लावा. याला ना कमिटी लागते, ना टेंडर. प्लांटच्या व्यवस्थापनाने आणि छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाने एवढा एक फळा टांगावा. खडू काकू देतील.