सायकल नव्हे हो, साइक्स!

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, त्या बोगनवेलीपासून लांब, काटे लागतील. आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या लेकीचं ठरलं! हो, तीच, लीड्सला शिकायला गेलेली. ठरलं म्हणजे तिचं तिनंच ठरवलं, आपल्याला फक्त कळवलं. मुलगा यॉर्कशरचा, गोरा. तेही असू दे, हल्ली कोण काय बोलतंय! पण परवा जाऊबाईंनी फोन स्पीकरवर टाकला, घरातले सगळे भोवती जमलेले, आणि पोरीनं आडनाव सांगितलं… साइक्स.

सासूबाईंचे कान तुम्हाला ठाऊकच आहेत. त्या म्हणाल्या, "सायकल? सायकल आडनाव असतं होय कुणाचं?"

भावजींचा चेहरा काय उतरला म्हणता! हातातला चहा तसाच, वर साय धरली त्याच्यावर. जाऊबाई तर मला आत ओट्याशी ओढून म्हणाल्या, "ताई, ना कुळ कळायचं ना मूळ. लोकांनी विचारलं तर सांगू काय?" मी म्हटलं थांब, कुळी काढायचं काम माझ्याकडे दे. नाहीतरी दुपारी झोप कुठे लागते मला! चार दिवस नुसती वाचत बसले होते. ह्यांनी दोनदा चहा स्वतः करून घेतला, म्हणजे बघा.

तर काय सांगत होते… साइक्स. तिकडच्या जुन्या बोलीत साइक म्हणजे बारीक ओहोळ. नदी नाही, नीट ओढासुद्धा नाही. पावसात वाहतो, उन्हाळ्यात नुसती ओल राहते, तसला. उत्तर इंग्लंडात दोन शेतांच्या मधून असा चर गेलेला असायचा आणि तीच हद्द मानायचे, आपल्याकडे बांध असतो ना तशी. तर त्या साइकाच्या काठी ज्याचं घर, तो साइकवाला. पुढे शेवटी एक 'स' चिकटला आणि झालं साइक्स. जाऊबाई लगेच, "म्हणजे नाल्याकाठचे?" मी म्हटलं, अगं नाला काय म्हणतेस, ओहोळ म्हण. पण एकदा तोंड वाकडं झालं ते झालंच.

आणि आडनावं त्यांच्याकडेही आभाळातून पडली नाहीत हो. १०६६ साली ते नॉर्मन लोक आले, त्यांच्यामागून सगळीकडे विल्यम, जॉन, रॉबर्ट अशी ठरावीक नावं बोकाळली. एका गावात सात जॉन म्हटल्यावर कारकुनानं खंड कुणाच्या नावावर लिहायचा? मग तो ओहोळाकाठचा जॉन, तो टेकडीवरचा जॉन. तेराव्या-चौदाव्या शतकात हे असं डकवलेलं नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं, जमीन जाते तसं. आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांचं दुसरं काय आहे? गाव सुटलं तरी 'कर' सुटत नाही.

आता ऐका खरी गंमत. जरा जवळ या, समोरच्यांची खिडकी उघडी आहे.

ऑक्सफर्डला ब्रायन साइक्स म्हणून मोठे जनुकशास्त्रज्ञ होते. होते म्हणजे, २०२० च्या डिसेंबरात गेले. तेच हो, हिमालयातल्या यतीचे केस म्हणून लोकांनी जपून ठेवलेले नमुने तपासणारे… शेवटी ती अस्वलं निघाली, ते असो. तर हे एकदा ग्लॅक्सो कंपनीत भाषणाला गेले. कंपनीचे चेअरमन कोण, तर सर रिचर्ड साइक्स! ते हडर्सफील्डचे. कुणीतरी विचारलंच, तुम्ही नात्यातले का? कुणीतरी विचारतंच हो, गोरे झाले म्हणून काय झालं! दोघांनाही काही पत्ता नव्हता. दुसरा असता तर हसून विषय बदलता, पण हा पडला शास्त्रज्ञ. त्यानं चेअरमनसाहेबांचा नमुनाच घेतला आणि आपल्याशी ताडून पाहिला. आणि अहो, जुळला की! बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो ना तो वाय क्रोमोसोम, आपल्या गोत्रासारखा, तो दोघांचा एक. कधीतरी, कितीतरी शतकांपूर्वी, दोघांचा एकच खापरपणजोबा. त्याच्यामागे आणखी किती पणजोबा लावायचे ते लावा.

मग काय, माणसाला चटकच लागली. यॉर्कशर, लँकशर, चेशर इथल्या साइक्स मंडळींना त्यानं पत्रं धाडली, सोबत एकेक इवलासा ब्रश. गालाच्या आतून फिरवा आणि परत पाठवा म्हणून. आपल्याकडे असा ब्रश आला असता तर आधी पोलिसात गेलो असतो! पण लोकांनी पाठवले हो. ४८ जणांचे नमुने तपासले. तोवर सगळे जाणकार म्हणत होते की ओहोळ काय गावोगावी असतात, तेव्हा साइक्स घराणीही गावोगावी वेगवेगळी उपजली असणार. मलाही तेच पटलं असतं. पण ४८ पैकी २१ जणांचा वाय एकच निघाला! आणि त्या भागातल्या दुसऱ्या आडनावांच्या पुरुषांत तो कुणाकडेच नाही. म्हणजे सगळ्यांचा मूळपुरुष एक, सातशे वर्षांपूर्वीचा, एका ओहोळाच्या काठचा. २००० साली छापूनही आलं ते.

मी हे जेवणाच्या टेबलावर मोठ्या थाटात सांगितलं. भावजींचा चेहरा जरा उजळला, एक गोत्र म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. आणि तेवढ्यात सासूबाई, ताकाची वाटी खाली ठेवून, "मग उरलेल्या सत्तावीस जणांचं काय गं?"

कुणी काही बोलेना. आमचे हे एकदम भेंडीची भाजी वाढून घ्यायला लागले, ज्यांनी जन्मात भेंडी मागून घेतली नाही!

आता काय सांगायचं म्हाताऱ्या माणसाला… ब्रायनसाहेबांनी हिशेब मांडलाय की दर पिढीला शंभरात एखाद-दुसरं मूल आडनाव साइक्सचं लावतं, पण वाय दुसऱ्या कुणाचा. दत्तक असेल, बायकोचं पहिल्या घरचं पोर असेल, आईचं नाव लावलेलं असेल, आणि… असेलही हो, तुम्ही काय कुक्कुलं बाळ आहात का! शंभरात एखाद-दुसरं म्हणजे काहीच नाही, पण सातशे वर्षांत साचतं. सासूबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? "एवढंच? बऱ्या वळणाचे आहेत मग." आणि परत ताक प्यायला लागल्या.

तर काय सांगत होते… हां, राहतात कुठे. अजूनही सगळ्यात दाट तिथेच, पश्चिम यॉर्कशरात, हडर्सफील्डच्या आसपास आणि वरच्या कोल्न नदीच्या खोऱ्यात. स्लेथवेट म्हणून गाव आहे, लिहायचं एवढं लांबलचक आणि म्हणायचं 'स्लाविट'. तिथले लोक पूर्वी कालव्यात चोरटी दारू लपवायचे म्हणे. रात्री बाहेर काढताना शिपायांनी पकडलं, तर म्हणाले, चंद्र पडलाय पाण्यात, तो काढतोय! शिपाई खुळे समजून निघून गेले. अजून तिथे त्या चंद्राचा उत्सव करतात. अशा लोकांत मुलगी पडणार, मला तर काही काळजी वाटत नाही.

सगळा मुलूख मेंढ्यांचा आणि एके काळी हातमागांचा. भावजींचा लग्नातला सूट आठवतो? कापडाच्या काठावर विणलेलं होतं, हडर्सफील्ड, इंग्लंड. तीस वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्या खातोय. मी म्हटलं, भावजी, व्याही तुमच्या कपाटात कधीचे येऊन बसलेत! हसले हो, पहिल्यांदाच.

डोंगर ओलांडला की ओल्डम, तिथला एरिक साइक्स, बीबीसीवरचा विनोदी नट. आणखी लांब म्हणजे अमेरिकेतली वांडा साइक्स, तीही विनोदीच. ती व्हर्जिनियाची, कृष्णवर्णीय. गुलामगिरीनं इंग्रजी आडनावं कुठच्या कुठे नेऊन ठेवली ते तुम्ही जाणताच. त्या डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टमधला दरोडेखोर बिल साइक्सही आहे, पण त्याचं स्पेलिंग वेगळं. जाऊबाईंना मी त्याचं नावच काढलं नाही.

आणि काढलं नाही ते स्लेडमियरच्या साइक्सांचंही. ते पूर्व यॉर्कशरातले, सरदार घराणं. स्वतःचं मूळ वर कार्लाइलजवळ सांगतात, मग लीड्सला कापड, मग हल बंदरात व्यापार, मग हा थोरला वाडा. त्यांच्यातले ते सर टॅटन! अंगावर एकावर एक कोट घालायचे आणि दिवस चढेल तसे एकेक काढायचे. फुलांचा असा तिटकारा की गावात कुणी दारात फुलं लावायची नाहीत. आपल्या ह्या बोगनवेलीचं काय झालं असतं! १९११ साली वाड्याला आग लागली, लोक सामान बाहेर काढताहेत, आणि हे आत बसून पुडिंग खाताहेत. संपल्याशिवाय उठणार नाही म्हणाले.

बायको त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, जेसिका. नवऱ्याचं असं, मग ती लागली जुगाराला आणि पिण्याला. इतकं कर्ज केलं की १८९६ साली सर टॅटननी चक्क वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, हिच्या कर्जाला मी जबाबदार नाही. पुढे सावकार कोर्टात गेला, नवऱ्याच्या सह्या असलेले कागद घेऊन, आणि ज्यूरी म्हणाली, सह्या नवऱ्याच्या नाहीत. भरल्या कोर्टात, बायको बसलेली असताना! लोकांनी तिला काय नाव ठेवलं होतं माहितेय? लेडी टॅटन साइक्सचं लेडी सॅटिन टाइट्स. इंग्रजांना कोटी जमत नाही म्हणणाऱ्यांना हे सांगा.

त्यांचा एकुलता एक मुलगा मार्क. तोच तो, १९१६ चा साइक्स-पिको करार. फ्रान्सबरोबर बसून तुर्कांचा मुलूख वाटून घेतला. पंतप्रधानांसमोर त्यानं नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं म्हणे, की एकर शहराच्या नावातल्या शेवटच्या अक्षरापासून किर्कुकच्या शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ ओढावी. आता बघा हं, आडनावाचा अर्थ शेताच्या हद्दीचा चर, आणि ह्या माणसानं चर मारला तो कुणाच्या वावरात! बांधावरून भांडणं काय असतात ते आमच्या माहेरी या बघायला. १९१९ मध्ये पॅरिसला फ्लूच्या साथीत गेला, चाळिशीही गाठली नाही. शिशाच्या पेटीत पुरला होता, म्हणून २००८ साली तो विषाणू मिळतो का पाहायला उकरून काढला. मेल्यावरही सुटका नाही.

एवढं सगळं मी पोटात ठेवलं आणि भावजींना सांगितलं कुणाचं, तर आपल्या पुण्याच्या साइक्सचं. अहो, होता ना! कर्नल विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९० चा, ब्रॅडफर्डजवळचा, म्हणजे त्याच मुलखातला. पोरवयातच कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आला. मी मोठ्या हौसेनं सुरुवात केली की १८१७ साली खडकीच्या लढाईत होता… आणि जीभ चावली. भावजी म्हणाले, "कुणाच्या बाजूनं?" आता कंपनीचा माणूस कुणाच्या बाजूनं असणार! परत चेहरा उतरला. पेशवाई ह्यांच्याच हातून गेल्यासारखा.

मग मी घाईघाईनं मासे काढले. कारण लढाईनंतर त्याला गव्हर्नर एल्फिन्स्टननं दख्खनची मोजदाद करायला बसवलं. गावं, जमिनी, पाऊस, माणसं, आणि हा गृहस्थ सोबत पाखरं, जनावरं, मासेही टिपत बसला. मला आवडलं ते हे, की नावं त्यानं इथल्याच लोकांना विचारली आणि तशीच शास्त्रात नेली. मुळा-मुठेतला महासीर आजही जगभर टॉर खुद्री. नुक्ता मासा, नुक्ताच. शिंगाळा, त्याचंही इंग्रजी अक्षरांत सीनघाला करून ठेवलंय. कोळसुंद्याला तर त्यानं नावच दिलं होतं दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. आणि माळावर तो छोटा तुरेवाला चंडोल दिसतो ना, साइक्सचा चंडोल म्हणतात त्याला, त्याचं शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. देवा! भावजी पक्षी बघायला जातात दर रविवारी, ती दुर्बीण गळ्यात अडकवून. खुर्चीतून उठले, पुस्तक काढलं, पान उघडलं, आणि चष्मा वर करून म्हणाले, "अरे, हा तो साइक्स होय? ह्याला मी सासवडच्या माळावर पाहिलाय." जसा काही कर्नलच भेटला होता! त्या रात्री त्यांनी जावयाला आपणहून फोन लावला. अर्धा तास चंडोलावर बोलले. त्या पोराला चंडोल काय ठाऊक, पण हो हो म्हणत राहिला बिचारा.

सासूबाईंचं मात्र वेगळंच. मी अर्थ सांगितला होता ना, ओहोळाकाठचे म्हणून? त्या म्हणाल्या, "म्हणजे ओढेकर! मग सरळ सांगायचं की." झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारतात, ओढेकरांचा फोन आला का? शेजारी सांगतात, नातीला ओढेकरांकडे दिलीय. काल तो स्वतः फोनवर होता, पोरीनं शिकवलेलं दिसतं, अगदी सावकाश म्हणाला, "आजी, नमस्कार, मी ओडेकर."

आणि सासूबाई त्याला 'ढ' म्हणायला लावताहेत. पाऊण तास चाललं होतं.