दादाकरिता

दादाने न्यू जर्सीहून कुलमुखत्यारपत्र पाठवलं, त्या दिवशी मी घरात जरा छाती काढूनच वावरलो. वर दूतावासाचा शिक्का. इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्कही भरलं. शब्दच असा भरदार! 'कुल' म्हणजे सगळं. 'मुखत्यार' अरबी 'मुख्तार'वरून आलेला : निवडलेला, ज्याला आपल्या मर्जीने वागायची मुभा आहे असा. आपल्या मर्जीने वागायची मुभा मला लग्नानंतर प्रथमच मिळत होती.

आत्याचं अरबी मात्र कच्चं. तिने 'कुल'चा अर्थ 'कुळ' लावला आणि दादाच्या वाटणीचा सगळा कुळाचार माझ्या अंगावर आला. लग्नात दोन आहेर, माझा आणि दादाचा. जेवण मात्र एकच. कुणी गेलं की दोनदा डोळे पुसायचे. "विजू असता तर खांदा दिला असता रे," असं आत्या म्हणाली, की मी निमूट खांदा बदलून पुन्हा उभा.

मग दादाच्या फ्लॅटची घरपट्टी आली. एक काना जास्त पडून 'विजय'ची 'विजया' झाली होती. दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं. खाली सही, त्याखाली अधिकाऱ्याचा हुद्दा आणि हुद्द्यापुढे बारीक अक्षरात 'करिता'. गेलो.

"साहेब आहेत?"

"मिटिंगला गेलेत."

"मग ही सही?"

"माझी. साहेबांकरिता. आणि तुम्ही?"

"मी दादाकरिता."

"ते कुठंयत?"

"झोपलेत. तिकडे रात्र आहे."

त्यांनी मला खुर्ची दिली. दोन 'करिता' समोरासमोर बसून चहा प्यायले. पैसे मी दिले, अर्थात दादाकरिता. मग ते हळूच म्हणाले, "काना काढायला मूळ मालकाची सही लागेल."

"अहो, पण मी कुलमुखत्यार आहे!"

"ते चालेल का, साहेबांना विचारून सांगतो."

रात्री दादाचा फोन. "साधा एक काना काढता येत नाही तुला?" साहेबांच्या वाटच्या शिव्या त्या कारकुनाला आणि दादाच्या वाटच्या मला. 'करिता'चा खरा अर्थ एवढाच.

शेवटी 1872 चा करार कायदा उघडला. कलम 201 म्हणतं, मालकाने अधिकार काढून घेतला, मुखत्याराने सोडला, काम पूर्ण झालं, मालकाचं दिवाळं निघालं, दोघांपैकी कुणी वारलं किंवा कुणाला वेड लागलं, तर मुखत्यारी संपते.

दादा काढून घेणार नाही, आत्या सोडू देणार नाही, काना काही निघत नाही, दादाला डॉलरमध्ये पगार आहे आणि दोघांच्याही तब्येती ठणठणीत आहेत. राहता राहिला शेवटचा मार्ग. त्यावर माझी वाटचाल सुरू आहे.