न्हाणीतला पाहुणा

डिसेंबरची वीस तारीख जवळ आली की प्राग शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याने भरलेले मोठाले टब येऊन बसतात. त्यांत कार्प जातीचे मासे असतात, जाडजूड, सोनेरी-करड्या खवल्यांचे, आणि चेहऱ्यावर निवृत्त हेडमास्तरांचा तो ओळखीचा भाव : जगात बेशिस्त फार वाढली, पण आता सांगायचं कुणाला. शेजारी तराजू, लाकडी पाट आणि रबरी एप्रन बांधलेला विक्रेता. थंडीने नाकं लाल झालेली माणसं निमूट रांगेत उभी असतात. पाळी आली की विक्रेता एकच प्रश्न विचारतो. चेक भाषा येत नसली तरी तो कळतो, कारण त्याच्या एका हातात पिशवी असते आणि दुसऱ्या हातात हातोडी.

माझा नवरा मूळचा मालवणचा. कल्ला उचलून लाली बघायची, बोटाने दाबून मांस घट्ट आहे का पाहायचं, ही त्याची हयातभराची विद्या. इथे मासा टबातून त्याच्याकडेच टवटवीत डोळ्यांनी बघत होता. “ताजा वाटतोय,” तो शेवटी म्हणाला, आणि लगेच सावरून, “पण गोड्या पाण्यातला.” मालवणी माणसाचं हे वाक्य थेट खानदानावर जातं. वास्तविक कार्पचं खानदान काही लेचंपेचं नाही. आपले रोहू, कटला हे त्याचेच भाऊबंद. शिवाय दक्षिण बोहेमियात त्रेबोन गावाच्या आसपास याच्यासाठी सोळाव्या शतकात तळी बांधली गेली. त्यातलं रोझमबेर्क नावाचं सर्वांत मोठं तळं १५९० साली पुरं झालं आणि आजही शरद ऋतूत तिथे जाळी पडतात. चिखलाचा वास जावा म्हणून मासे नाताळापर्यंत स्वच्छ पाण्यात ठेवतात. हे सगळं मी वाचून दाखवलं. त्यावर तो म्हणाला, “समुद्र असता तर हा खटाटोप पडला नसता.”

पण खरी मौज पुढेच आहे. जिवंत मासा घेतलात, तर तो घरच्या न्हाणीघरात, आंघोळीच्या टबात सोडायचा, अशी जुनी रीत. आता ती बरीच मागे पडली आहे. तरी ज्यांचं बालपण तिच्यात गेलं, ते अजून सांगत असतात. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे न्हाला नाहीत तर नरक ठरलेला, आणि इथे सणाच्या तोंडावर घरदार बिनआंघोळीचं, कारण टबात पाहुणा उतरलेला! मुलं त्याचं बारसं करतात, शाळेतून आल्या आल्या त्याला भेटायला जातात. आणि २४ तारखेला वडील हातोडी घेऊन आत गेले की काही घरांत रडारड सुरू होते, वडिलांचाही हात उचलत नाही, आणि सगळं कुटुंब मिरवणुकीने जाऊन माशाला व्लताव्हा नदीत सोडून येतं. तळ्यात वाढलेला हा जीव गारठलेल्या नदीत बहुधा तगत नाही, असं जाणकार दर वर्षी सांगतात. जाणकारांचं सणासुदीला कोण ऐकतं?

आम्ही प्रागला गेलो त्याचं कारण अगदी साधं होतं. दोघांच्या रजा जुळतात त्या डिसेंबरअखेरीलाच. मात्र मनात आणखी एक होतं. आमच्या घरी सण म्हणजे माणसं. दिवाळीच्या दिवसांत नवऱ्याची आणि माझी गाठ पडते ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, आणि संवाद होतो तो असा : “सतरंजी कुठेय?” “माळ्यावर.” “आणि गॅसवाला?” “आला नाही.” मग भाऊबीज उरकते, पाहुण्यांना गाडीत बसवून आम्ही परत येतो आणि रिकाम्या घरात एकमेकांकडे असे बघतो, जणू लांबच्या प्रवासातून आत्ताच उतरलो. तेव्हा एखादा सण दोघांनीच करून पाहावा, तोही दुसऱ्यांचा, म्हणजे आपल्यावर काही जबाबदारी नाही.

जबाबदारी नसणं ही काय चीज आहे, ते २४ तारखेला कळलं. मोठ्या दुकानांनी त्या दिवशी दुपारी बाराला बंद व्हायचं, असा तिथे २०१६पासून कायदाच आहे. प्रागच्या झिझकोव भागातल्या आमच्या गल्लीतली खानावळही बंद. चारच्या सुमाराला सूर्य मावळला, ट्राम रिकाम्या फिरू लागल्या. दिवसभर उपास केला तर संध्याकाळी सोन्याचं डुक्कर दिसतं, असं तिथे मुलांना सांगतात. नवरा एरवी आषाढीला दुप्पट खाणारा. त्या दिवशी मात्र पोहे-चिवडा संपल्यामुळे त्याला उपास घडला, आणि साडेचारला तो खिडकीशी उभा राहून पलीकडच्या छपराकडे फार आशेने बघत होता.

भाड्याच्या त्या घरात टब नव्हता, नुसता शॉवर होता, याबद्दल मी देवाचे आभार मानले. मासा कापूनच आणला होता. तिथे त्याला ब्रेडचा चुरा लावून तळतात आणि सोबत बटाट्याचं सॅलड. नवऱ्याने बॅगेच्या तळातून हळद-तिखटाची पुडी काढली आणि गोड्या पाण्याला क्षमा केली. मी सॅलडवर भागवलं. कार्पचं खवलं ताटाखाली ठेवून मग वर्षभर पाकिटात बाळगलं की पैसा टिकतो म्हणतात. त्याच्या पाकिटात तिरुपतीचा फोटो आधीच होता, त्यांनी सरकून जागा करून दिली.

जेवताना भिंतीपलीकडे बारीक घंटा किणकिणली. तिथे सांता नसतो, भेटी बाळ येशू आणतो. तो कुणालाच दिसत नाही, त्यामुळे दाढी-टोपीचा खर्च नाही. भेटी ठेवून तो निघाला, याची ती खूण. पाठोपाठ लहान पावलं धावली. आणि माझ्या नवऱ्याने, तोंडात घास असताना, आरतीच्या सवयीने डावाच हात छातीशी नेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. दिवाळीत त्याच्याकडे असं बघायला मला फुरसत कुठे असते?

टीव्हीवर १९७३ सालचा सिंड्रेलाचा चेक सिनेमा लागला होता. नाताळात तो तिथे दर वर्षी लागतो. भाषा कळण्याची गरज नव्हती, बूट कुणाला होणार हे ठाऊकच होतं. बुटावरून मला तिथली दुसरी रीत आठवली. लग्नाच्या मुलीने दाराकडे पाठ करून खांद्यावरून बूट मागे फेकायचा. त्याचं टोक दाराकडे वळलं तर ती वर्षभरात घर सोडून सासरी जाणार.

“टाक की,” नवरा म्हणाला.

“अरे, या वयात?”

“बघू तर.”

मी टाकला. बर्फातला जड बूट, धाडकन पडला आणि टोक सरळ दाराकडे. नवरा उठला, वाकून एखादा कल्ला तपासावा तसा त्याने तो नीट तपासला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “परवा सकाळी व्हिएन्नाची गाडी आहे. आता माझा टाकतो, तिकिटं दोन काढली आहेत.”