लाल खुर्चीतले गृहस्थ

'द ग्रॅहम नॉर्टन शो' २००७ साली बीबीसी टूवर सुरू झाला आणि २००९ साली बीबीसी वनवर गेला. शुक्रवारी रात्री उशिरा हॉलिवूडचे नट-नट्या एकाच सोफ्यावर खेटून बसतात, हातात पेले घेऊन. बसोत बापडे. मी जागा राहतो तो कार्यक्रमाच्या शेवटी लाल खुर्चीत किस्सा सांगायला येणाऱ्या गृहस्थांसाठी.

हे गृहस्थ लीड्सचे असतील, कार्डिफचे असतील. हिशेबनीस असतील नाहीतर दाताचे डॉक्टर. उभ्या आयुष्यात त्यांच्या बाबतीत एकच किस्सा घडलेला असतो. एखाद्या लग्नातला, नाहीतर चुकून भलत्याच घरात शिरल्याचा. गावच्या पबमध्ये तो हमखास रंगतो, कारण ऐकणाऱ्यांची बिअर अर्धी उरलेली असते आणि उठावं तर जागा जाते. बायकोला तर तो तोंडपाठ. "जा, एकदाचा टीव्हीवर सांगून ये," असं तीच म्हणालेली असणार.

नाव, गाव, धंदा सांगून होतो. ऐकायला बसल्यासारखा चेहरा यजमान नॉर्टनसाहेबांना छान जमतो. हात मात्र खुर्चीच्या खटक्यावर. गृहस्थ घसा खाकरतात. "तर झालं असं, की मंगळवार होता. नाही, बुधवार असेल, कारण आमच्या मेहुण्याची गाडी..."

खटका! खुर्ची मागे उलटते, गृहस्थ दिसेनासे होतात, पडद्यावर उरतात फक्त बुटांचे तळवे. सोफा हसून लोळतो. मेहुण्याच्या गाडीचं पुढे काय झालं, हे ब्रिटनला कधीच कळत नाही.

काही जण वाचतात. ते थेट मुद्द्यावर येतात, टाळ्या घेतात आणि स्वतःच्या पायांनी चालत जातात. त्यांच्यात मला रस नाही. असली माणसं बँकेतसुद्धा फॉर्म एका फटक्यात बरोबर भरतात.

आमचे गृहस्थ उलटूनही खूश असतात. कधीकधी नॉर्टन खटका पाहुण्याच्या हाती देतात, आणि तो पाहुणा ऑस्करवाला निघाला तर विचारूच नका. जुना किस्सा त्याच रात्री निवृत्त होतो. पुढच्या शनिवारी पबमध्ये नवा सुरू: "मला कोणी पाडलं माहितीये? थांबा, आधीपासून सांगतो. लंडनची गाडी पकडायला आम्ही निघालो, तो मंगळवार होता..."

"बुधवार," बायको म्हणते.