विकास अधिकारी (वरिष्ठ)

आंतरराष्ट्रीय विकास अधिकारी सहसा अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीतून उगवतो. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत त्याच्या वाढीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात : पी-१ ते पी-५, त्यावर डी-१ आणि डी-२. पी-२ला असताना तो खेड्यात मुक्काम करतो आणि हिवतापाने फणफणतो. पी-४ला सकाळी जाऊन संध्याकाळी परततो. डी-१ला पोचला की खेडेच त्याच्याकडे येते, पॉवरपॉइंटमधून. डी-२ झाल्यावर निळ्याऐवजी लाल लेसे-पासे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा प्रवासपरवाना, मिळतो. खेड्यात तो कोणीच पाहायला मागत नाही, ही गोष्ट वेगळी.

एका नोकरीत त्याच्या श्रद्धा अनेकदा बदलतात. ऐंशीच्या दशकात तो संरचनात्मक समायोजनाचा भक्त असतो, नव्वदीत लोकसहभागाचा. २००० साली सहस्रक उद्दिष्टे आठ होती. २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ झाली, त्यांखाली १६९ लक्ष्ये. गरिबी हटो न हटो, रकाने वाढले.

रकान्यांचा मूळपुरुष म्हणजे लॉगफ्रेम. १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तयार झालेल्या या तक्त्याचा शेवटचा रकाना गृहीतकांचा. पाऊस वेळेवर पडेल, मंत्री बदलणार नाही, हे सगळे त्यात मावते. पुढे प्रकल्प फसला तर चूक गृहीतकाची ठरते. अधिकाऱ्याची बढती सुखरूप राहते.

दौऱ्यावर आलेले पाहुणे डांबरी रस्त्यालगतचीच गावे पाहतात, तीही कोरड्या ऋतूत, असे ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवले. वरिष्ठ अधिकाऱ्याने ते वाचलेले असते. नैरोबीच्या हॉटेलातल्या कार्यशाळेत तो ते हळहळून सांगतो आणि दौऱ्याची तारीख कोरड्या ऋतूतली काढतो, कारण पावसात रस्ता बंद असतो.

असा दौरा मलावीत निघाला की पांढरी लँडक्रूझर आफ्रिदेव हातपंपापाशी थांबते. हा पंप गावानेच दुरुस्त करावा म्हणून घडवलेला. साहेब दांडा दोनदा हलवतात, फोटो निघतो. एक बाई विचारते, झिजलेले रबरी सील कुठे मिळेल? दुभाषा भाषांतर करतो. साहेब वहीत लिहितात : ‘सामुदायिक क्षमतावर्धनाची नितांत आवश्यकता.’ सील काही किरकोळ पैशांचे असते. क्षमतावर्धनाला मात्र तीन वर्षे, दोन सल्लागार आणि एक गाडी लागते.

पासष्टाव्या वर्षी निवृत्ती येते, पण त्याला घरी बसवण्याची ताकद तिच्यात नसते. महिन्याच्या पगाराऐवजी दिवसाच्या दराने तो सल्लागार म्हणून परततो. कधी स्वतःच मंजूर केलेल्या प्रकल्पाचे मूल्यमापनही वाट्याला येते. ते तो प्रामाणिकपणे करतो, त्रुटी दाखवतो आणि दुसऱ्या टप्प्याची शिफारस करतो.