दर न विचारणाऱ्यांचे उपकार

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीला क्विंटलमागे पन्नास रुपये कमी बोलले गेले, तर शेतकरी सौदा नाकारून पोती पुन्हा गाडीत चढवायला निघतो. कुपवाड एमआयडीसीतला लहान कारखानदार सुट्या भागाच्या नगामागे दहा पैशांसाठी खरेदीदाराशी तासभर बोलतो. याच माणसांनी मुलीच्या किंवा मुलाच्या शिक्षणासाठी 25,000 डॉलर परदेशी पाठवताना आजचा दर काय, हा प्रश्न आजवर तोंडातून बाहेर पडू दिला नाही, याचे सार्वजनिक कौतुक व्हायला हवे. अर्ज भरायचा, दाखवतील तिथे सही करायची आणि साहेबांचे आभार मानून बाहेर पडायचे. इतका संयम इतर कोणत्याही बाजारात पाहायला मिळत नाही.

या संयमाची किंमत समजून घेतल्याशिवाय त्याची थोरवी कळणार नाही. बँका आपसात डॉलर ज्या दराने घेतात-देतात तो एक दर. त्यावर स्वतःची कमाई चढवून आपल्याला विकतात तो दुसरा, टीटी सेलिंग रेट. सकाळी निघणाऱ्या कार्ड रेटमध्ये ही कमाई अंमळ सैल हातानेच धरलेली असते. मोठ्या रकमेला शाखेमार्फत ट्रेझरीकडून वेगळा दर मागता येतो. मागितला तर मिळू शकतो आणि न मागणाऱ्यावर कोणी तो लादत नाही, हा या व्यवस्थेचा सभ्यपणा आहे. दोन दरांत डॉलरमागे दोन रुपयांचे अंतर पडले तर 25,000 डॉलरवर 50,000 रुपये होतात. त्याची वेगळी पावती नसते. जे पावतीवर नाही त्याबद्दल वाद घालणे आपल्या संस्कारात बसत नाही.

आपला बाणेदारपणा मेला आहे, असे मात्र कोणी समजू नये. तो पावतीवर दिसणाऱ्या आकड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. डॉलर 90 रुपये धरला तर ही रक्कम साडेबावीस लाख होते आणि चलन बदलावरचा जीएसटी 1,215 रुपये. या 1,215 रुपयांवरून आपण सरकारचा उद्धार करतो, स्विफ्ट शुल्काच्या पाचशे-हजारावरून व्यवस्थापकाला गाठतो आणि 50,000 रुपयांना न पाहताच नमस्कार करतो. अदृश्य शक्तीपुढे झुकण्याची आपली परंपरा जुनीच आहे. 'कमिशन शून्य' अशी पाटी दिसली की ती श्रद्धा आणखी दृढ होते.

शुल्क कोणी सोसायचे, हा अर्जावरचा रकाना वाचायचा राहून गेला तर मधली बँक रकमेतूनच आपले पैसे कापून घेते. विद्यापीठात वीस-पंचवीस डॉलर कमी पोचतात, फी अपुरी असल्याचा निरोप मुलाला येतो आणि तेवढ्या डॉलरसाठी पुन्हा सगळे शुल्क भरून पैसे पाठवावे लागतात. परदेशी व्यवहाराचा हा धडा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही, तो आपण पदरमोड करून शिकवतो.

रुपया सुधारायची वाट पाहणारे तर देशभक्तच. जुलै 2022 मध्ये डॉलरने 80 रुपये ओलांडले, डिसेंबर 2025 मध्ये 90. त्यांचा रुपयावरचा विश्वास ढळला नाही. फी भरायच्या शेवटच्या दिवशी ते धावत शाखेत येतात आणि तेव्हा दोन ठिकाणी चौकशी करायला वेळ उरलेला नसतो.

याहून धाडसी तो, जो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच गोळा करते तो कर, वाचवायला 'ओळखीच्या माणसा'कडे नोटा देतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर उघडपणे पाठवता येतात. 2004 मध्ये ही मर्यादा 25,000 डॉलर होती. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर अजिबात नाही आणि जो कापला जातो तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. तरीही, परत मिळणारे पैसे वाचवण्यासाठी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली रकमेच्या तिप्पटीपर्यंतच्या दंडाला तयार राहणे, तेही पावतीशिवाय, याला काळीज लागते.

2019 पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे 'एफएक्स-रिटेल' नावाचे व्यासपीठ आहे. तिथे बाजाराचा दर आणि त्यावरची बँकेची कमाई वेगवेगळी दिसते. ती पाहण्याचा आगाऊपणा आपल्यापैकी फारसा कोणी केलेला नाही.

हे पैसे येतात कुठून, हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी रानाचा तुकडा विकलेला असतो, कोणी भविष्यनिर्वाह निधी मोडलेला असतो. खानापूर-आटपाडीकडच्या कोणा बापाने परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, भट्टीपुढे उभे राहून ते साठवलेले असतात. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चासाठी 11,904 युरो आधी खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी आपण न विचारता सोडलेले 50,000 रुपये म्हणजे तिथे त्या पोराचे पंधरा दिवसांचे भाडे आणि जेवण. आपली पोरे तिकडे एकेक युरो मोजून जगतात.

म्हणून कुपवाडकरांनो, यंदा एवढा उद्धटपणा कराच. फीची तारीख येण्याच्या दोन आठवडे आधी एकाच दिवशी, एकाच वेळी दोन बँकांना विचारा: माझ्या खात्यातून सगळे धरून किती रुपये जातील आणि तिकडे नेमके किती डॉलर पोचतील? उत्तर लेखी घ्या, त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून पाहा आणि मगच सही करा.